सातबारा कुणाच्या नावावर?

लार्नला दोन सरकारं आहेत. एक मतपेटीतून येतं. दुसरं तेराव्या शतकात आलं, ते अजून गेलेलं नाही.

वेल्सच्या नैर्ऋत्येला, टाव्ह नदी समुद्राला मिळते तिथे हे खेडं आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १,२२२, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम ग्रामपंचायतीच्या दोन-तीन वॉर्डांत संपेल एवढी. कार्मार्दनहून बस निघते, सेंट क्लिअर्सला थांबते आणि मग अरुंद रस्त्यावरून, दोन्ही बाजूंची झुडपं काचांना घासत, खाली लार्नमध्ये उतरते. भरतीला पाणी किल्ल्याच्या पायथ्याशी येतं, ओहोटीला लांबवर नुसता चिखल चमकत राहतो. येणारे बहुतेक जण कवी डिलन टॉमससाठी येतात. १९४९ पासून १९५३ मध्ये न्यूयॉर्कला मरण येईपर्यंत तो इथल्या खाडीकाठच्या घरात राहिला, आणि सेंट मार्टिन चर्चच्या आवारात त्याच्या थडग्यावर साधा पांढरा लाकडी क्रूस आहे. फोटो काढायचे, चहा प्यायचा, परत बस. मीही पहिल्यांदा तशीच आले आणि तशीच गेले. पण मुख्य रस्त्यावर घड्याळाचा मनोरा असलेला एक बुटका पांढरा टाउन हॉल आहे, आणि तिथल्या सूचनाफलकावर कसल्याशा 'कोर्टा'ची तारीख लावलेली होती. एवढ्याशा गावाला कोर्ट कशाला, हा प्रश्न माझ्याबरोबर स्वान्सीपर्यंत आला.

मतपेटीतून येणारं सरकार आधी उरकते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १८९४ च्या कायद्याने गावोगाव निवडून दिलेल्या पॅरिश कौन्सिली आल्या. १९७२ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९७४ पासून वेल्समध्ये त्यांच्या जागी कम्युनिटी कौन्सिली आल्या. लार्नचीही एक आहे. वरचा जिल्हा मधल्या काळात नाव बदलत राहिला: आधी कार्मार्दनशर, १९७४ ला तो डव्हेड नावाच्या मोठ्या जिल्ह्यात विरघळला, १९९६ ला पुन्हा कार्मार्दनशर. शाळा, रस्ते, कचरा, घरबांधणीची परवानगी हे सगळं जिल्ह्याच्या हातात. कम्युनिटी कौन्सिलच्या वाट्याला बाकडी, बसथांबा, खेळाचं मैदान, पायवाटा आणि बांधकामाच्या अर्जांवर मत देण्याचा अधिकार. मत ऐकलंच पाहिजे असं नाही. पैसा म्हणाल तर जिल्ह्याच्या करासोबत एक छोटी रक्कम गोळा होते, तेवढाच. वेल्समध्ये अशा सातशेहून जास्त कौन्सिली आहेत. निवडणुकीत त्यांतल्या बऱ्याच जागा बिनविरोध भरतात आणि काही तर रिकाम्याच राहतात. उभं राहायला कुणी नसतं.

आता दुसरं सरकार. त्याचं नाव लार्न कॉर्पोरेशन. सर गाय द ब्रायन नावाच्या नॉर्मन सरदाराने १२९१ च्या सुमारास सनद दिली, तेव्हापासून ते चालू आहे. त्याच्या प्रमुखाला पोर्टरीव म्हणतात. सभासद ते बर्जेस, ज्येष्ठ ते आल्डरमन. शिवाय दप्तर सांभाळणारा रेकॉर्डर, बेलिफ, कॉन्स्टेबल आणि जूरी. दर पंधरवड्याला जमिनीच्या आणि दिवाणी गोष्टींचं कोर्ट बसतं, आणि सहा महिन्यांनी मोठं कोर्ट, ज्यात एके काळी गुन्ह्यांचे खटलेही चालत. मिकेलमस, म्हणजे २९ सप्टेंबरच्या सणानंतरच्या पहिल्या सोमवारी नवा पोर्टरीव शपथ घेतो आणि त्याला खुर्चीत बसवून, खांद्यावर उचलून टाउन हॉलला तीन फेऱ्या मारतात. प्रदक्षिणाच म्हणा.

पोर्टरीवच्या गळ्यातली साखळी मी एकदा हातभर अंतरावरून पाहिली. सोन्याचे छोटे शिंपले एकमेकांना जोडलेले. लार्नच्या चिखलात मिळणारे कॉकल, आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांचे भाऊबंद. प्रत्येक शिंपल्यावर बारीक उभ्या रेघा, अगदी खऱ्यासारख्या. पोर्टरीवने एक शिंपला बोटाने उलटा करून दाखवला: मागच्या सपाट बाजूवर एक नाव आणि साल कोरलेलं. पायउतार होणारा प्रत्येक पोर्टरीव आपल्या नावाचा एक शिंपला साखळीत घालून जातो. काही नावं घासून पुसट झाली होती. साखळी आता एवढी भरली आहे की चालताना ती छातीवर खुळखुळते.

हे सगळं गमतीचं आहे, पण गंमतच असती तर मी हा लेख लिहिला नसता. असले पोशाखी सोहळे ब्रिटनमध्ये पैशाला पासरी आहेत. टोप्या घालायच्या, लॅटिन म्हणायचं, मग बिअर. लार्नचं वेगळेपण मला गेल्या वर्षी कळलं, आणि ते तात्यांमुळे कळलं.

तात्या माझे चुलते. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावाचे दोन वेळचे सरपंच. वय पंच्याहत्तरीला आलेलं, गुडघे कुरकुरतात, पण जमीन दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. मे महिन्यात ते आणि काकू आमच्याकडे आले होते. किल्ले, समुद्र, शॉपिंग सेंटर सगळं दाखवून झालं, तात्या कंटाळले. मग मी त्यांना लार्नला नेलं आणि गावामागच्या चढावर, ह्यूगडनवर घेऊन गेले.

ह्यूगडन म्हणजे एक मोठं उघडं शेत. वेल्समध्ये अशी शेतं दिसत नाहीत. इथे सगळीकडे झुडपांची कुंपणं घालून चौकोन पाडलेले असतात. ह्यूगडनला आत कुंपण नाही. लांबच लांब, अरुंद पट्ट्या एकाला लागून एक उतारावर गेलेल्या, आणि दोन पट्ट्यांच्या मधे न नांगरलेल्या गवताचा एक निमुळता उंचवटा. तात्या त्या उंचवट्यावर उभे राहिले, बुटाच्या टाचेने दाबून पाहिला आणि म्हणाले, "आगं, ह्यो तर बांध हाय."

मध्ययुगात युरोपातली बरीच शेती अशीच होती. गावाचं शेत एकच, त्यात प्रत्येकाच्या पट्ट्या विखुरलेल्या, पिकं आणि चराईचे नियम सगळ्यांनी मिळून ठरवायचे. मग सतराव्या-अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेत कायदे करून करून ही शेतं कुंपणांत घातली गेली, सामायिक हक्क मोडले गेले, गरीब शहराकडे गेले. पूर्ण ब्रिटनमध्ये जुन्या पद्धतीने चालणारं असं शेत आज दोनच ठिकाणी उरलं आहे असं सांगतात: इंग्लंडमधलं लॅक्सटन आणि हे ह्यूगडन.

पट्टी कुणाला मिळते? सेवाज्येष्ठतेनुसार पहिल्या ७६ बर्जेसांना. आणि मिळते ती तहहयात. तो वारला की पट्टी मुलाला जात नाही, कॉर्पोरेशनकडे परत येते आणि रांगेतल्या पुढच्याला जाते.

हे मी तात्यांना सांगत होते तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले. बर्जेस होते, पट्टीवाले. तात्यांनी जो मारा सुरू केला त्याचं भाषांतर करता करता माझी दमछाक झाली.

"ह्यांना इचार, ह्यांची ल्योकं काय म्हणत्यात? वाटणी मागत न्हाईत?"

ते हसले. मुलगा कार्डिफला आहे, म्हणाले. इथे बर्जेस झाला आणि टिकून राहिला तर म्हातारपणी त्यालाही मिळेल, पण ही नव्हे, त्याच्या नंबराला येईल ती.

"बरं, बांध कोरला शेजाऱ्यानं, तर?"

बांध कोरणं म्हणजे काय हे इंग्रजीत सांगायला मला हातवारे करावे लागले. दर नांगरटीला वीतभर आत सरकायचं, दहा वर्षांत काकरी गिळायची. ही कला मात्र त्यांना लगेच कळली. "तो विषय कोर्टात निघतो," म्हणाले.

"किती वरसं चालतं ते कोर्ट?"

"दर पंधरवड्याला."

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुद्दाम चुकीचं सांगतेय. आमच्या बांधाची एक केस तालुक्यापासून फिरत फिरत एकोणीस वर्षं चालली आणि त्यात दोन्ही पक्षकार वारले. म्हाताऱ्यांनी नंतर हेही प्रामाणिकपणे सांगितलं की आता स्वतः कसणारे कमी; बरेच जण पट्टी एखाद्या शेतकऱ्याला लावून देतात आणि येतील ते चार पैसे घेतात. पण नंबर कुणी सोडत नाही.

मग तात्यांनी खरा प्रश्न विचारला. खाली बसले, गवत उपटलं, आणि म्हणाले, "पोरी, सगळं झालं. सातबारा कुणाच्या नावावर?"

कॉर्पोरेशनच्या. सरदाराने जमीन या मंडळाला दिली ती दिली. ती राजाकडे गेली नाही, जिल्ह्याकडे गेली नाही, आणि कुणा एका घराच्या नावावरही चढली नाही. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या आजोबांचे बावीस एकर, वडिलांच्या वाट्याला सात, तात्यांना अडीच. मुंबई प्रांताने १९४७ मध्येच तुकडेबंदीचा कायदा केला, तरी तुकडे काही थांबले नाहीत. कागदावर थांबले आणि बांधावर पडत राहिले. लार्नच्या पट्ट्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेवढ्याच रुंद राहतात. वारसाच नाही तर वाटणी कुठून येणार?

इथून पुढे मी वाचायला लागले, आणि वाचताना एक गोष्ट अशी सापडली की मी दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहून फ्रिजवर लावल्या. १८ मे १८८२ ला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने हिंदुस्थानातल्या स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला स्थानिक स्वराज्य संस्थांचा जनक म्हणतात, ते त्यावरून. लोकांना राजकीय शिक्षण मिळावं म्हणून तालुकापातळीवर मंडळं नेमा, त्यात बिनसरकारी माणसं जास्त घ्या, असं तो सांगत होता. आणि लगेच पुढच्या वर्षी, १८८३ ला, त्याच्याच देशातल्या संसदेने कायदा करून इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या छोट्या कॉर्पोरेशनी मोडीत काढायला घेतल्या. १८३५ च्या सुधारणा कायद्याने १७८ नगरं नव्या साच्यात बसवली होती. जी उरली होती त्यांच्यावर १८८३ चा बडगा पडला आणि तो १८८६ ला लागू झाला.

कारणं चुकीची नव्हती. यातल्या कित्येक कॉर्पोरेशनी म्हणजे चार घरांची मक्तेदारी झाली होती. नगराची जमीन आपसांत वाटून खायची, मतं विकायची, हिशेब कुणाला दाखवायचा नाही. सुधारकांनी चौकशी केली तेव्हा जे निघालं ते वाचून आपल्याकडच्या कुठल्याही सहकारी संस्थेच्या संचालकाला घरच्यासारखं वाटेल. लार्नची कॉर्पोरेशन या झाडाझडतीतून तगली. नव्या अर्थाची नगरपालिका ती कधी झाली नाही, पण तिची सभा, तिचे अधिकारी आणि मुख्य म्हणजे तिची जमीन तिच्याकडे राहिली. पुढे १९७७ च्या एका कायद्याने देशभरच्या असल्या जुन्या कोर्टांचे न्यायदानाचे अधिकार काढून घेतले, रूढीची कामं करायला मुभा ठेवली. म्हणजे दात काढले, पण घास ठेवला.

याच्याही आधीचा एक धागा महाराष्ट्राला येऊन मिळतो. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात त्याने दख्खनच्या खेड्यांचं वर्णन केलं: पाटील, कुलकर्णी, बारा बलुती. छोट्या आकारात राज्याची सगळी सामग्री या खेड्यांत आहे, आणि वरची सरकारं उठून गेली तरी गाव आपल्या माणसांचं रक्षण करायला जवळपास पुरं पडेल, असं त्याचं म्हणणं. पुढची शंभर वर्षं हे वर्णन फिरत राहिलं, इंग्रजांकडून राष्ट्रवाद्यांकडे आलं आणि गांधींच्या ग्रामस्वराज्यापर्यंत पोचलं. इकडच्या खेड्यांचं कौतुक चाललं होतं तेव्हा तिकडची खेडी कुंपणांत चालली होती. एल्फिन्स्टनचं वर्णन खोटं नव्हतं, अर्धं होतं. गाव आपल्या माणसांचं रक्षण करतं, पण कुणाकुणाला आपलं माणूस म्हणतं, हे त्याने लिहिलं नाही.

लार्नबद्दलही तेच विचारायला हवं, म्हणून किल्ल्याकडे जाऊ. ११७१-७२ च्या सुमारास इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि वेल्श राजा रीस आप ग्रिफिड यांची इथे भेट झाली. ११८९ मध्ये त्याच रीसने किल्ला घेतला. १२१५ मध्ये थोरल्या लेवेलिन या वेल्श राजाने घेतला. १२५७ मध्ये दुसऱ्या लेवेलिनने घेतला आणि आतला गाय द ब्रायन कैद केला. (या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुलाचं नाव गायच ठेवत, त्यामुळे कोणता गाय हे शोधताना डोकं दुखतं.) म्हणजे सनद आली ती अशा वेळी, जेव्हा नॉर्मन सरदाराला उद्ध्वस्त वस्ती पुन्हा उभी करायची होती आणि किल्ल्याभोवती आपली, इंग्रजी बोलणारी, भरवशाची माणसं हवी होती. पट्टी, चराई, स्वतःचं कोर्ट ही त्यांना दाखवलेली आमिषं होती. आजही लार्न इंग्रजी बोलतं आणि मागचा डोंगराळ मुलूख वेल्श. १४०२ च्या आसपास चौथ्या हेन्रीने वेल्श लोकांविरुद्ध कडक कायदे केले, त्यांत वेल्श माणसाला अशा तटबंद नगरांत जमीन घ्यायला, बर्जेस व्हायला मनाई होती. ज्या स्वराज्याचं मी इतका वेळ कौतुक करतेय त्याची पायाभरणी कुणाला तरी बाहेर ठेवून झाली होती, हे विसरून चालणार नाही. बायकाही शतकानुशतके बाहेरच होत्या. ७६ नंबरांची ती रांग पुरुषांचीच असायची.

काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग ते सरपंचाला खुर्चीत बसवून फिरवतात तेव्हा बायका काय करतात?" आमच्या गावात २०११ नंतर पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना गेल्या, त्यांतली एक काकूंनी पाच वर्षं सांभाळली. पहिले सहा महिने सही तात्यांनी सांगितली तिथे केली, सातव्या महिन्यात पाण्याच्या टाकीच्या बिलावर सही करायला नकार दिला. तात्या अजून त्याचं नाव काढलं की चष्मा पुसायला घेतात.

लार्नची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दर तीन वर्षांनी होते. व्हिट मंडे, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारचा दुसरा दिवस. त्या सोमवारी गाव आपल्या जमिनीची शीव चालतं. त्याला कॉमन वॉक म्हणतात. म्हातारे, पोरं, बाहेरगावाहून खास आलेली मंडळी, शेकडो माणसं दिवसभर कॉर्पोरेशनच्या हद्दीच्या रेषेवरून चालत राहतात. रस्त्याने नाही, रेषेने. रेषा दलदलीतून गेली तर दलदलीतून, ओढ्यातून गेली तर ओढ्यातून. झुडूप आडवं आलं तर कापायला हत्यारं बरोबर असतात. वाटेत ठरलेल्या खुणा आहेत, सहज न दिसणाऱ्या. तिथे पोचलं की मोर्चा थांबतो, गर्दीतून एकाला पुढे ओढतात आणि विचारतात: या जागेचं नाव काय? आलं तर ठीक. नाही आलं तर त्याला उलटा टांगून, पायाला धरून, ढुंगणावर विधिपूर्वक फटके देतात. मग नाव सांगतात. उलटं लटकून ऐकलेलं नाव माणूस मरेपर्यंत विसरत नाही, आणि पाहणारेही विसरत नाहीत. नकाशा नव्हता तेव्हा हद्द टिकवण्याची हीच रीत होती. नकाशे येऊन दोनशे वर्षं झाली तरी लार्नने ती सोडली नाही. कागद तालुक्याला असतो आणि तो बदलता येतो. चार पिढ्यांच्या पार्श्वभागावर नोंदवलेली हद्द बदलणं अवघड.

शिवेचा तंटा आपल्याकडेही असाच, चालून सुटायचा. दोन गावांत वाद पडला की शीव दाखवायला गावचा महार पुढे चालायचा आणि तो चालला ती शीव दोन्ही गावं मानायची. कुठला दगड कुणाचा, कुठल्या बाभळीपासून वळण, हे सगळं त्याच्या डोक्यात. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची त्याची वस्ती मात्र गावकुसाबाहेर. लार्नमध्ये हद्द चालणारा माणूस पट्टीच्या रांगेत असतो. आपल्याकडे हद्द चालणाऱ्याला वतनाच्या नावाखाली राबवून घेतलं, आणि तेही वतन इतकं अपमानाचं की आंबेडकरांना त्याच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणावं लागलं. जुन्या गावगाड्याच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी एवढं आठवलं तरी पुरे.

तर प्रश्न असा की लार्नचं खरं सरकार कुठलं? निवडून आलेल्या कौन्सिलला लोकांचा कौल आहे, कायदा आहे, हिशेबतपासनीस आहे. कॉर्पोरेशनकडे यातलं फारसं काही नाही. तरी सेवाज्येष्ठतेच्या रांगेत माणसं वर्षानुवर्षं उभी राहतात, पंधरवड्याला सभेला जातात, शपथा घेतात, आणि कौन्सिलीच्या निवडणुकीला देशभर उमेदवार मिळत नाहीत. याचं उत्तर वेल्श लोक परंपराप्रिय आहेत वगैरे नाही, असं मला वाटतं. उत्तर तात्यांच्या प्रश्नात आहे. एका मंडळाकडे जमीन आहे, दुसऱ्याकडे नुसतं मत मांडण्याचा अधिकार. जिथे काहीतरी ठरवायचं असतं तिथे लोक जमतात.

आमच्या ग्रामपंचायतीचं उलटं आहे. १९५८ चा महाराष्ट्राचा कायदा, १९९३ ला अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती, ग्रामसभा, वित्त आयोगाचा निधी, कागदावर तिच्याकडे लार्नच्या दोन्ही सरकारांपेक्षा कितीतरी जास्त आहे. निवडणुका तर अशा रंगतात की २०२१ मध्ये सरपंचपदाचा लिलाव केला म्हणून राज्य निवडणूक आयोगाला नाशिक आणि नंदुरबारमधल्या एकेका गावाची निवडणूक रद्द करावी लागली. पण गावाची सामायिक जमीन म्हणजे गायरान, आणि गायरानाच्या सातबाऱ्यावर नाव असतं महाराष्ट्र शासनाचं. गाव फक्त वापरतं, राखतं, आणि बहुतेक वेळा राखतही नाही. तात्या सरपंच असताना आमच्या गायरानातला मुरूम रात्रीतून उपसला गेला. कुणी उपसला हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पंचायतीने ठराव केला, तहसीलला पाठवला, आणि ठराव तिथे मुरला. "आपल्या नावावर न्हाई, तर मानूस कशाला भांडतंय?" हे तात्यांचं त्या वेळचं वाक्य मी तेव्हा पळवाट समजले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पंजाबातल्या एका खटल्यात गावच्या सामायिक जमिनी अतिक्रमणातून सोडवून गावाला परत करा असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. आमच्या गायरानावर त्यानंतर एक मंगल कार्यालय उभं राहिलं.

आपल्याकडे ज्या गावाने हा प्रश्न मुळापासून सोडवला ते आठवलं तर गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आठवतं. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांची. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, मग बांबू कुणाला आणि कसा विकायचा ते ग्रामसभा ठरवू लागली. पुढे गावाने त्याहून मोठा निर्णय घेतला: ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात, बायका बरोबरीने बसतात. लार्नला जे सरदाराच्या सनदेने मिळालं ते मेंढ्याने स्वतः बसून, चर्चा करून, कायद्याची कलमं वाचून मिळवलं. मला विचाराल तर दोघांत मेंढा कितीतरी पुढे आहे. लार्नला पोशाख चांगला आहे एवढंच.

तात्यांना मी मेंढ्याबद्दल विमानतळावर जाताना सांगितलं. ते म्हणाले, आपल्याकडं कोण देतंय गं जमीन ग्रामसभेला, भाऊ भावाला देत न्हाई. काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या की जमिनीचं नंतर बघू, आधी गायरानाची मोजणी तरी मागा, म्हणजे शीव कुठवर आहे ते कळेल. घरी पोचल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकायला पंचायतीला भाग पाडलं. मोजणीची फी कुणी भरायची यावर सध्या गावात भांडण चालू आहे, आणि परवाच्या ग्रामसभेला, तात्या फोनवर जरा कुरकुरतच सांगत होते, बसायला सतरंज्या पुरल्या नाहीत.